हिराजी नाखवांच्या गाड्या

हिराजी नाखवांना जाऊन आता वर्ष होत आलं. ते गेले तेव्हा कंपनीच्या त्रैमासिकासाठी मी त्यांच्यावर दहा ओळी लिहून दिल्या होत्या. कंपनीत केव्हा आले, मोटार विम्याचे निरीक्षक म्हणून कुलाबा जिल्ह्यात काय काम केलं, मागे कोण कोण आहे. मजकूर नेटका झाला आहे, असं मुंबईहून कळवण्यात आलं. या माणसाचा मी बारा-तेरा वर्षं हेवा केला, एवढी एक गोष्ट त्यात नव्हती. ती बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल लिहू गेलो की माझ्या हातून दहाच ओळी होतात. म्हणून आता ती जवळ घेऊन पुन्हा लिहायला बसलो आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या लहानशा विमा कंपनीने अलिबागला शाखा उघडली. वर दोन खोल्या, खाली सायकलचं दुकान. मी तिथे कारकून होतो. बी. ए. झालो होतो आणि टपालाने विम्याच्या परीक्षा देत होतो. रस्त्यावर गाडी आणायची तर निदान तिऱ्हाइताच्या इजेचा विमा हवाच, असा कायदा झालेला होता. त्यामुळे गिऱ्हाईक आपण होऊन जिना चढून येई. कंपनीला वाटलं, हा धंदा बसल्या जागी चालेल. पण दोन-तीन वर्षांतच मोटारखात्यात आलेला पैसा नुकसानभरपाईत जाऊ लागला आणि मुंबईची पत्रं तुटक होऊ लागली.

नाखवा पहिल्यांदा जिना चढून आले ते दुसऱ्याच कुणाच्या तरी ट्रकचे कागद घेऊन. मुरुडजवळच्या कोळीवाड्यातला माणूस. उजव्या डोळ्यात फूल पडल्यामुळे समुद्र सोडलेला, मराठी चौथी शिकलेला. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर लाल टोपी, पायांत काही नाही. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी त्यांना एजंट केलं तेव्हा मी मनात हसलो होतो. प्रस्तावाचा अर्ज इंग्रजी, त्यात सव्वीस रकाने. हा माणूस ते भरणार कसा?

ते भरतच नसत. खाली सही घेऊन अर्ज माझ्या टेबलावर आणत आणि समोर बसून सांगत, "लिवा भाऊसाहेब." मी रकान्यांतलं विचारी आणि ते रकान्यांबाहेरचं सांगत.

गाडी तपासण्याची त्यांची रीत मी पुष्कळदा पाहिली. आधी गाडीभोवती एक फेरी मारायची, काही न बोलता. मग उकिडवं बसून बोटाच्या सांध्यांनी चौकटीवर टकटक करत पुढून मागे जायचं, होडीची फळी वाजवून बघावी तसं. मग चाकावरच्या पत्र्याखाली बोट फिरवून ते जिभेला लावायचं. मला ते पाहून शिसारी येई. बर्फात घातलेली मासळी नेणाऱ्या गाड्या त्या. खारं पाणी रात्रंदिवस खाली ठिबकणार.

"लाकडाला कीड लागते ती दिसते," ते म्हणत. "लोखंडाला मीठ लागतं, ते ऐकावं लागतं."

आणि शेवटी, मालक बाजूला उभा असताना, ते ड्रायव्हरला एकच प्रश्न विचारत, "गाडी कुनाची रं?"

मुरुडच्या कासमभाईंनी नवा ट्रक घेतला तेव्हा तो तपासायला मी नाखवांबरोबर गेलो होतो. कासमभाई बर्फ आणि मासळीचे व्यापारी, मोठं गिऱ्हाईक. हा विमा मिळाला तर त्यांच्या बाकीच्या गाड्याही आमच्याकडे येणार होत्या. गाडी इतकी नवी की रंगाचा वास येत होता. नाखवांनी आपली फेरी मारली, टकटक केली, बोटही चाखलं.

"अरे नाखवा," कासमभाई म्हणाले, "नवी कोरी गाडी हाय. इतका वास घेतोस, निकाह लावायचा हाय का तिच्याशी?"

नाखवा ड्रायव्हरकडे वळले. "गाडी कुनाची रं?"

"शेठची."

"आन तू कोन?"

"मी पगारी."

नाखवांनी पिशवीचं तोंड आवळलं. "गाडी चांगली हाय, कासमभाई. पन आमच्याच्यानं जमायचं न्हाय."

"का?"

"हा तिला आपली म्हनत न्हाय."

"आपली कशी म्हणेल? पैसे मी दिलेत! त्याला काय वारसा लिहून देऊ?"

"वारसा नको. आठवड्यातला एक दिस गाडी धुवायला द्या, आन पगार त्याच दिशी द्या, न मागता. म्हैन्याभरानं मी परत इचारीन."

कासमभाई संतापले. दुसऱ्या एका कंपनीने त्याच आठवड्यात तो विमा लिहिला. परतीच्या एसटीत मी नाखवांशी बोललो नाही. दीड-दोन महिन्यांनी तो ट्रक काशीदच्या पुढे रस्ता सोडून खाली गेला. ब्रेक कमी लागतो आहे हे ड्रायव्हरला आठवडाभर माहीत होतं, पण ते सांगणं आपलं काम आहे असं त्याला वाटलं नव्हतं. उडी मारून तो वाचला आणि तसाच गावी निघून गेला. कासमभाई अलिबागला आले, माझ्या टेबलासमोरून सरळ नाखवांकडे गेले आणि म्हणाले, "मियाँ, तुझं नाक सोन्यानं मढवायला पायजे." मग आपल्या साऱ्या गाड्या त्यांनी आमच्याकडे दिल्या.

ते कागद मीच भरले. सव्वीस रकाने भरताना माझ्या मनात एकच विचार होता, की हा प्रश्न मला का सुचला नाही? मी तीन परीक्षा दिल्या होत्या. ग्रंथांत लिहिलं होतं की विम्यात वस्तूइतकीच माणसाची वृत्ती पाहावी. ते वाक्य मी अधोरेखित केलं होतं. पण वृत्ती पाहायची कशी, ते पुस्तकात नव्हतं आणि नाखवांना पुस्तक लागत नव्हतं.

पावसाळ्याआधी कोळी आपल्या होड्या वर ओढून त्यांना मुशी माशाचं तेल चोपडतात. नाखवांनी ते गाड्यांना लावायला लावलं. पावसाळ्यात समुद्र बंद, मासळी बंद, तेव्हा गाड्या चालवायच्याच नाहीत, दगडांवर चढवून ठेवायच्या आणि खालून तेल पाजायचं, असा त्यांचा दंडक होता. जो मालक ऐकणार नाही त्याचा विमा ते लिहीत नसत. आषाढात मुरुडच्या बाजूला गेलं की माडांखाली ओळीने ट्रक दगडांवर बसलेले दिसत आणि घाण वास सुटलेला असे. तो वास त्यांच्या कागदांनाही येई. मुंबईहून एकदा विचारणा आली होती की कुलाब्याचे अर्ज कोणत्या जागी ठेवले जातात.

माझ्या घरीही ते येत. माझी पत्नी मालती फार बोलणारी नाही, पण नाखवा आले की तिला कंठ फुटे. कोणता मासा कोणत्या महिन्यात घ्यायचा, पाण्याचा हांडा कुठे गळतो आहे, तिच्या भावाने रोह्याला दुकान काढावं की नाही, सगळं ती त्यांना विचारी. एकदा मी म्हणालो, "या गोष्टी मलाही विचारता येतात."

"येतात की," ती म्हणाली. "पण तुम्ही आधी पुस्तक उघडता. तोवर हांडा रिकामा होतो."

नाखवा मोठ्याने हसले आणि मीही हसलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे तिला कधी सांगितलं नाही.

त्यांची दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे मी तीच त्यांच्याविरुद्ध वापरली. काशीदला नारळांच्या ट्रकखाली धाकू नावाच्या कोळ्याचा पाय सापडला. निरोप आला तसे आम्ही दोघं एसटीने गेलो. गावकऱ्यांनी ड्रायव्हरला जाळ्यांच्या खोपटात कोंडलं होतं. धाकू ओट्यावर पडलेला, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. त्याची म्हातारी आई डोक्याशी बसली होती. मी माझा तक्ता काढला आणि विचारायला सुरुवात केली. "अपघाताच्या वेळी गाडीचा वेग किती होता?"

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "वेग घेऊन काय चुलीत घालू?"

सगळे हसले. नाखवांनी मला हाताने थांबवलं आणि धाकूच्या उशाशी बसले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "तुझा वाटा आता कोन भरनार?"

होडीवर प्रत्येक माणसाचा मासळीत वाटा असतो. माणूस गेला नाही तर वाटा बुडतो आणि त्याच्या जागी दुसरा कायमचा बसतो. धाकूला पायापेक्षा ती काळजी होती, हे मला त्याचा चेहरा पाहून मग कळलं. नाखवांनी ट्रकच्या मालकाला बोलावून घेतलं. पंचांसमोर असं ठरलं की धाकूला त्याच ट्रकमधून अलिबागच्या दवाखान्यात न्यायचं, खर्च मालकाचा, आणि पाय बरा होईपर्यंत धाकूच्या जागी होडीवर मालकाने आपला माणूस धाडायचा. वाटा मात्र धाकूच्या घरी जायचा. ड्रायव्हरला सोडलं. म्हातारीने आम्हाला चहा दिला, मला कप फुटका दिला.

वाटेत मी नाखवांना म्हटलं, "पॉलिसीत अट आहे. कंपनीच्या परवानगीवाचून जबाबदारी कबूल करायची नाही. तुम्ही आज कबूल केलीत."

"कबूल काय करायचं, भाऊसाहेब?" ते म्हणाले. "पाय तर मोडलेलाच हाय की."

धाकूने कोर्टात दावा लावला नाही. नाखवांच्या गावांतून कुणीच लावत नसे. जिल्ह्याच्या इतर भागांत एकेक अपघात वकिलांच्या हातात जाऊन चार-चार वर्षं चाले आणि शेवटी दसपट होऊन कंपनीवर येई.

मी त्या सुमारास एक निबंध लिहिला होता. या किनाऱ्यावर मोटार विम्यात नफा का होत नाही, हा विषय. गाड्या मुळात थोड्या, म्हणून एक मोठा अपघात सगळ्यांचे हप्ते खाऊन टाकतो. सुटे भाग परदेशी, परवान्यावाचून मिळत नाहीत, त्यामुळे दिवा फुटला तरी गाडी महिनाभर उभी राहते आणि गॅरेजवाला वाटेल ते बिल करतो. रस्ते, खाड्या, खारा वारा. हप्त्याचे दर मुंबईत ठरतात, ते मुंबईच्या रस्त्यांवरून. मालकाला विमा म्हणजे पोलिसांना दाखवायचा कागद वाटतो, म्हणून विमा उतरवला की तो गाडीची काळजी सोडून देतो. मला अजूनही वाटतं, तो निबंध चांगला होता. बत्तीस पानं होती. मुंबईहून एका ओळीचं उत्तर आलं, की निबंध पोचला.

त्यानंतर वर्षभरात दुसरं पत्र आलं. कुलाब्यातलं मोटारखातं तोट्यात आहे, ते बंद करण्याचा विचार चालू आहे. चालू ठेवायचंच झालं तर एक निरीक्षक नेमला जाईल, तोच सगळ्या गाड्या पाहील. त्या जागेसाठी शाखेने नाव सुचवावं. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी मला बोलावून पत्र दाखवलं. मला वाटलं, आता ते माझं नाव घेतील.

"नाखवांना इंग्रजी येत नाही," ते म्हणाले. "तेवढीच अडचण आहे."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दार लावून घेतलं आणि मुख्य मॅनेजरांना पत्र लिहिलं. दिवस मावळेपर्यंत लिहीत होतो.

ते पत्र नाखवांविरुद्ध होतं, हे इथे स्पष्ट लिहितो. हे गृहस्थ अर्ज वाचत नाहीत, नाकाने आणि जिभेने विमा लिहितात. ड्रायव्हरच्या एका उत्तरावरून चांगली गिऱ्हाइकं परत पाठवतात. मालकांवर तेलासारख्या नियमाबाहेरच्या अटी घालतात. कंपनीला न विचारता गावच्या पंचांत बसून तडजोडी करतात, असं मी उदाहरणांसह लिहिलं. सर्वांत गंभीर म्हणून शेवटी एक मुद्दा ठेवला होता. नाखवा विम्याचं नूतनीकरण इंग्रजी तारखेने करत नसत, नारळी पौर्णिमेला करत. त्या दिवशी समुद्र खुला होतो, गाड्या दगडांवरून उतरतात, तेव्हा मालक नारळ सोडून येताना हप्ता देतात. पण पॉलिसी चालते इंग्रजी वर्षाने. अधिक महिना आला की पौर्णिमा अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते आणि तेवढे दिवस त्यांच्या सगळ्या गाड्या विम्यावाचून राहतात. "या अवधीत एखादा अपघात घडू शकतो आणि त्याचे परिणाम गंभीर होऊ शकतात," असं मी लिहिलं.

माझी चूक एवढीच झाली की मला खोटं लिहिता येत नाही. निःपक्षपाती दिसावं म्हणून मी प्रत्येक आरोपाखाली त्याचा परिणामही लिहिला. तेल लावलेल्या गाड्या किती कमी मोडल्या, तडजोडींमुळे किती दावे टळले. कासमभाईंच्या ट्रकची हकीकत तर मी इतकी बारकाईने लिहिली की लिहिताना मलाच तिचा मोह पडला.

महिन्याभरात मुख्य मॅनेजर स्वतः अलिबागला आले. गुजराती गृहस्थ, बोलायला मोकळे. माझं पत्र त्यांच्या हातात होतं आणि त्यावर ठिकठिकाणी लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्यांनी नाखवांना समोर बसवलं, मला शेजारी उभं केलं आणि पत्र मराठीत सांगून दाखवलं. प्रत्येक परिच्छेदानंतर विचारत, "साचुं छे? खरं आहे?"

"खरं हाय," नाखवा म्हणत आणि माझ्याकडे बघत. त्यांचा चांगला डोळा पाण्याने भरला होता.

पौर्णिमेचा मुद्दा आला तेव्हा मॅनेजरांनी विचारलं, "अन् हे? अठरा दिवस?"

नाखवा थोडं थांबले. मग म्हणाले, "गाड्या तवा दगडावर असतात, साहेब."

मॅनेजर टेबलावर हात आपटून हसले. "दगडावरच्या गाडीला विमा कशाला? पण आता तारखेनं करा हां." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बत्तीस पानांत तू मला रोग सांगितला होता. ह्यात औषध सांगितलं. दुसऱ्यासाठी इतकं लिहिणारा माणूस मी पाहिला नाही."

नाखवा निरीक्षक झाले. खातं बंद झालं नाही, आणि दोन-तीन वर्षांत कुलाब्याचं उदाहरण इतर शाखांना देण्यात येऊ लागलं. त्यांना इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांचे अहवाल मी लिहावेत असं ठरलं. ते गाडीखालून सरपटत बाहेर येत, कपडे झटकत आणि मला सांगत. त्यांचं म्हणणं माझ्या इंग्रजीत मुंबईला जाई, शाबासकी त्यांच्या नावावर परत येई. ती वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच होतं. मी एकही शब्द गाळत नसे. तेवढा एक अभिमान मला राखता आला.

ते मात्र जिल्हाभर सांगत फिरले. कुठल्याही गावी गेलो की आधी माझी ओळख करून देत, "ह्ये आमचे भाऊसाहेब. ह्यांनी मला वर आनला." लोक माझ्याकडे आदराने बघत. दर नारळी पौर्णिमेला त्यांच्या घरून नारळीभाताचा डबा येई. मालती म्हणे, "बघा, माणूस उपकार विसरत नाही." मी भात खाई. गोड असे.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. मागल्या साली माघात त्यांनी अंथरूण धरलं. पोटाचं दुखणं होतं, मुंबईच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी मुरुडला उतरलो आणि चालत कोळीवाड्यात गेलो. सुनेने त्यांना ओट्यावर उशांना टेकवून बसवलं होतं. अंग निम्मं झालं होतं. लाल टोपी कपाळावर उतरत होती.

कासमभाई, धाकू, कार्यालयातली माणसं, सगळ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी सुनेला आत पाठवलं.

"भाऊसाहेब, एक ऱ्हायलंय. तुमच्या कागदात तुमी लिवलं व्हतं, अधिकात गाडी उघडी पडते, कायतरी व्हईल म्हून."

"हो."

"झालं व्हतं ना वो. आदल्याच सालात. म्हसळ्याच्या उतारावर."

ते थांबत थांबत सांगत होते. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. एका मालकाने गाडी दगडांवरून उतरवून कौलं भरली. उतारावर लाकडं आणणारी एक बाई चाकाखाली आली आणि जागीच गेली. तीन पोरं होती. गाडीचा विमा संपून आठवडा झाला होता.

"मालक कफल्लक. पोरांना काय मिळनार? माझी चूक. पौर्निमेचा दंडक माझा. मी विम्याची चिठ्ठी लिवली आन तारीख मागची टाकली. जल्मात एकदाच." त्यांनी दम घेतला. "ती फाईल तुमच्याच टेबलावरनं गेली. तारखा तुमीच बघता. तुमी बघितलीत, सही केलीत, आन कागदात 'होऊ शकतो' लिवलंत. झालंय म्हून न्हाय लिवलंत. लिवलं असतंत तर मी त्याच दिशी तुरुंगात गेलो असतो."

म्हसळ्याची ती फाईल मला आठवत होती. सही माझीच होती. ती तारीख मला दिसलीच नव्हती. त्या दिवसांत मी नाखवांचे दोष शोधत होतो आणि सगळ्यांत मोठा दोष माझ्या टेबलावर आला, तो मी तपासून, शिक्का मारून पुढे पाठवला. दिसला असता तर पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिला असता.

"मला माहीत नव्हतं, नाखवा," मी म्हणालो.

"व्हय, व्हय. असंच म्हनायचं."

"खरंच नव्हतं. आणि ते पत्र... ते मी तुमच्या विरुद्ध लिहिलं होतं. ती जागा मला हवी होती."

त्यांनी मान वळवून चांगल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीभोवती पहिली फेरी मारताना पाहत तसं. मग हसू लागले. हसताना पोटावर हात दाबून धरला.

"विरुद्ध लिवनारा मानूस म्हसळा सोडील व्हय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. माझ्या लक्षात आलं नाही, एवढंच ते उत्तर होतं. वीस वर्षं तारखा तपासण्यापलीकडे मी काही केलं नाही आणि तीच एक तारीख मला तपासता आली नाही, असं मी म्हणालो असतो तर त्यांनी विश्वास ठेवला असता. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले. पण या माणसासमोर ते मला म्हणवले नाहीत.

सुनेने चहा आणला. आम्ही चहा प्यायलो.

अलिबागकडे निघालेला एक ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला होता. नाखवांनी निरोप धाडून ठेवला होता म्हणे. ड्रायव्हर धावत येऊन त्यांच्या पाया पडला आणि माझी पिशवी घेऊन पुढे गेला. मी नाखवांचा हात हातात घेतला. "नीट जा," ते म्हणाले, "पुढं बसा. मागं धूळ लागते."

गाडी सुरू झाली तेव्हा बाजूच्या आरशात ते दिसत होते. डोळे मिटलेले होते, मान एका अंगाला कलती, आणि गुडघ्यावरची बोटं हळूहळू हलत होती. इंजिनाचा आवाज ते ऐकत असावेत. वळण येईपर्यंत ते तसेच होते.

काशीद मागे पडल्यावर ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. "तुमीच ना वो ते साहेब? नाखवांना निरीक्षक केलंत ते?"

"हो," मी म्हणालो.